का मारलंस, हे विचारायचं की नाही?

आमच्या घरातली प्रार्थनासभा उधळली गेली आणि आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांवर हात उचलला गेला. त्यानंतर आम्ही काय काय केलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशा वेळी ख्रिस्ती माणसाला दोनच सल्ले मिळतात. एक, गप्प बसा, प्रभू बघून घेईल. दुसरा, आता दाखवूनच द्या. आम्हालाही हेच दोन सल्ले मिळाले, तेही घटना घडली त्याच रात्री आणि आपल्याच माणसांकडून.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर आहे. एका अंगाला पावरलूमचा खडखडाट, दुसऱ्या अंगाला मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका. मी टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघते, नवरा एसटीच्या वर्कशॉपला आहे. नवऱ्याच्या पणजोबांना १८९९-१९०० च्या दुष्काळात अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांनी सांभाळलं, तेव्हापासून हे घर ख्रिस्ती. माझा मुलगा पाचव्या पिढीतला. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत प्रार्थना होते आणि बोळातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. शेजारच्या अक्का पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या आहेत, मार्कंडेयाच्या रथोत्सवाला न चुकता जातात. त्यांच्या मुलीचं दुखणं लांबलं तेव्हापासून कधीमधी त्याही येऊन मागे बसायच्या. आम्ही मुलीसाठी प्रार्थना करायचो आणि औषध वेळेवर दे म्हणून सांगायचो.

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. नाताळची गाणी बसवणं चाललं होतं. खोलीत बहुतेक बायका आणि मुलंच होती. आठ-दहा तरुण चपला न काढता आत आले. “काय चाललंय बे इथं? किती पैसे देता एका माणसाला?” एकाच्या हातात फोन होता, त्याचं चित्रीकरण दारातच सुरू झालं होतं. कोणीतरी पेटीला लाथ घातली आणि भाता फाटला. ती पेटी सासऱ्यांची होती. एका बाईचा हात दाराच्या चौकटीत चेंगरला. पाळकसाहेब उठून “बसा, बोलू या” म्हणाले, तर त्यांच्यात जरा वयाने मोठा असलेल्या एकाने त्यांच्या थोबाडीत मारली. चष्मा उडाला.

पाळकसाहेब सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांनी चष्मा उचलला नाही. त्या माणसाकडे बघून म्हणाले, “बाळा, माझं काही चुकलं असेल तर सांग. चुकलं नसेल तर का मारलंस?”

त्याला उत्तर देता आलं नाही. खोलीत क्षणभर कोणीच बोलेना. मग फोनवाल्याने परत घोषणा सुरू केल्या. त्या गोंधळात त्यांच्यातलाच एक कोवळा मुलगा, विशी-एकविशीचा, रडणाऱ्या दोन लेकरांना कडेला घेऊन उभा राहिलेला मी पाहिला. “लहान पोरं आहेत रे, सरका” असं तो आपल्याच मित्रांना म्हणाला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पोलीस आले ते त्या मुलांनीच बोलावल्यामुळे. तक्रार आमच्याविरुद्ध होती, पैसे देऊन धर्मांतर करतात अशी. सगळ्यांनी ठाण्यात चला, बायकांनीही, असं फर्मान निघालं. नवऱ्याने ओळखीच्या वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी फोनवरूनच हवालदारांना शांतपणे सांगितलं, की साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर बायकांचा, पंधरा वर्षांखालच्या मुलाचा आणि साठीच्या वरच्या माणसाचा जबाब ते राहतात तिथेच येऊन घ्यावा लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ पाहा. आणि अटक करायची म्हणत असाल तर सूर्यास्तानंतर बाईला अटक करायचे नियम वेगळे आहेत. हवालदारांनी ऐकलं. त्या रात्री ठाण्यात फक्त माझा नवरा आणि मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, दोन पुरुष गेले. हे कलम आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. प्रत्येक मंडळीत निदान दोघा-तिघांना ते पाठ असायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ठाण्यात आमच्या बाजूचीही तक्रार लिहून घेतली, पण एनसी म्हणून. अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत अशी. मारहाण, शिवीगाळ, धमकी, म्हणजे भारतीय न्याय संहितेची ११५(२), ३५२ आणि ३५१(२) ही कलमं. शिवाय दोन्ही बाजूंना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस, शांतता भंग करू नका म्हणून. ज्यांच्या घरात घुसले त्यांना आणि जे घुसले त्यांना, एकाच मजकुराची.

दुसऱ्या दिवशी मंडळी पाळकसाहेबांकडे जमली तेव्हा तोंडं दोन बाजूंना होती. तरुण मुलं म्हणत होती, आपल्याकडेही व्हिडिओ आहे, टाकू या सगळीकडे, आणि त्या पोरांच्या घरी जाऊन विचारू या. वडीलधारे म्हणत होते, एनसी झाली तेवढं पुरे, प्रभूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय. आणि प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलंय की कोर्टकचेरीत जाऊ नका.

पाळकसाहेबांचा गाल अजून सुजलेला होता. ते म्हणाले, दुसरा गाल पुढे करा असं ज्याने सांगितलं, त्यालाच प्रमुख याजकापुढे थप्पड बसली तेव्हा त्याने काय केलं ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात वाचा. त्याने उलट मारलं नाही. शापही दिला नाही. पण तो गप्पही बसला नाही. वाईट बोललो असेन तर तसं सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं त्याने सरळ विचारलं. “मी काल तेच विचारलं. उत्तर मिळालं नाही. आता हाच प्रश्न सरकारी कागदावर विचारायचा, एवढंच उरलंय.”

करिंथकरांबद्दल ते म्हणाले की तिथे भाऊ भावाला कोर्टात खेचत होता, ते प्रकरण निराळं. आणि तोच पौल फिलिप्पै शहरात चौकशीशिवाय फटके खाऊन तुरुंगात पडला, सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचं ठरवलं, तर जायला तयार झाला नाही. रोमी नागरिकाला चौकशी न करता चारचौघांत मारलं आणि आता चोरून बाहेर काढता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला न्यावं, म्हणाला. त्यांना यावं लागलं. पाळकसाहेबांच्या मते पौलाने हे स्वतःच्या मानासाठी केलं नाही, तो तर पुढच्या गावी निघालाच होता. मागे त्या गावात जी नवी, दुबळी मंडळी राहणार होती तिच्यासाठी केलं.

मला हे पटलं, कारण माझ्या डोळ्यांपुढे अक्का होत्या. त्या ख्रिस्ती नाहीत. तरीही व्हिडिओत त्यांचा चेहरा दिसत होता आणि भावकीतून फोन येऊ लागले होते. आम्ही गप्प बसलो असतो तर आमच्याविरुद्धचं खोटं तसंच राहिलं असतं आणि त्याचा भार त्या बाईवर पडला असता.

मग अर्ज लिहायला मी बसले. वकीलबाईंनी समजावलं, की धार्मिक उपासनेसाठी कायदेशीरपणे जमलेल्या लोकांत मुद्दाम व्यत्यय आणणं हा न्याय संहितेच्या कलम ३०० खालचा गुन्हा आहे, तो दखलपात्र आहे. परवानगीशिवाय घरात घुसून धाकदपटशा करणं, कलम ३२९(४), तेही दखलपात्र. म्हणजे नुसती एनसी लिहून भागत नाही, एफआयआर व्हायला हवी. ठाण्यात दाद मिळाली नाही तर सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली लेखी अर्ज वरिष्ठांकडे. सोलापूर शहरात आयुक्तालय असल्यामुळे तो पोलीस आयुक्तांच्या नावे.

अर्ज लिहिताना दोन सूचना आल्या. मंडळीतल्या एका तरुणाने सुचवलं, गळ्यातली चेन ओढली असं घाला, म्हणजे जबरी चोरी लागते आणि पोरं आत जातात, सगळे असंच करतात. दुसऱ्याने सुचवलं, आपल्यातल्या ज्या बाईचा जातीचा दाखला आहे तिच्याकडून ॲट्रॉसिटी घाला. पण चेन कोणी ओढली नव्हती. जातीवरून कोणी बोललं नव्हतं. ही सूचना करणारी मुलं वाईट नाहीत. त्यांनी आपल्या म्हाताऱ्या पाळकाला मार खाताना पाहिलं होतं आणि पोटात आग होती. पण ज्या दिवशी खोटी चेन अर्जात आली असती त्या दिवशी आम्ही ख्रिस्तासाठी सोसतो आहोत असं म्हणायला आम्हाला जागा उरली नसती. खोट्या साक्षीदारांनीच त्याला वधस्तंभापर्यंत नेलं, मग त्याच्या नावाने आपण खोटी साक्ष कशी द्यायची? मी नाही म्हटलं. पाळकसाहेबांनीही.

मी लिहिलं ते असं: तारीख, वेळ, कोण कुठे बसलं होतं, कोण आधी आत आलं, कोणते शब्द बोलले गेले, पेटीला लाथ कोणी घातली, थप्पड कोणी मारली, कोणाच्या हाताला काय लागलं. नावं माहीत नव्हती तिथे “पाहिल्यास ओळखेन”. पहिल्या कच्च्या कागदावर मंडळीतल्या कोणीतरी “समाजकंटक”, “धर्मांध टोळी” असे शब्द सुचवून घातले होते, ते वकीलबाईंनी एकेक करून खोडले. म्हणाल्या, विशेषणाला पुरावा नसतो. आणि त्या मुलाने लेकरांना बाजूला घेतलं, हेही मी लिहिलं. त्यावर त्या थांबल्या. हे वाक्य समोरच्या वकिलाच्या कामाचं आहे, त्याला सोडवेल, म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या, घडलंय ते.

या वकीलबाई लिंगायत, सिद्धरामेश्वरांच्या भक्त. संक्रांतीला भरणाऱ्या त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा त्या कधी चुकवत नाहीत. त्यांनी आमच्याकडून टायपिंगचे पैसे तेवढे घेतले. हे सांगायचं कारण, आमच्या काही लोकांच्या बोलण्यात त्या दिवसांत “ते लोक” असा शब्द फार येऊ लागला होता. आमच्यासाठी कलमं शोधणारी बाई, खरी साक्ष देणाऱ्या अक्का, समोरचा किराणावाला ज्याने न मागता सीसीटीव्हीचं चित्रीकरण पेन ड्राइव्हवर काढून दिलं आणि पुढे कोर्टात लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सहीही केली, हे सगळे “ते लोक”च होते. छळ सोसणाऱ्याला एक मोठा धोका असतो, की जग दोन फळ्यांत दिसू लागतं.

आयुक्तालयात अर्ज दिला, आवक शिक्का मारून प्रत घेतली. ही शिक्क्याची प्रत जपून ठेवायची, पुढे प्रत्येक टेबलावर तीच लागते. मग काही दिवस सगळं ठप्प, कारण संक्रांत आली. गड्डा भरला, नंदीध्वजांच्या मिरवणुका, सगळा फौजफाटा बंदोबस्ताला. त्या काळात घाई करणं आम्हालाही बरं वाटलं नाही. यात्रा संपल्यावर आम्हाला बोलावणं आलं.

चौकशीच्या वेळी जे विचारलं गेलं त्याची तयारी प्रत्येक मंडळीने ठेवावी. पैसे कोण देतं? मी दानाची वही पुढे ठेवली: चहा, साबुदाण्याची खिचडी, एका विधवा बाईचं लाइट बिल, पेटीची दुरुस्ती आधी एकदा झाली होती त्याची पावती. बाहेरून पैसा येतो का? नाही. आजारी लोकांना डॉक्टरकडे जाऊ नका सांगता का? अक्कांनी मुलीची दवाखान्याची फाइलच आणली होती. तुम्हाला आमिष दाखवून नेलं ना, असं त्यांना विचारलं, एकदा नव्हे, फिरवून फिरवून. त्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाल्या, “मी माझ्या पायानं गेले. माझा देव माझ्या घरात हाय. यांनी कधी काढ म्हणलं नाही.” जबाबावर त्यांनी अंगठा नव्हे, सही केली. नाव लिहायला लागलेला वेळ त्या साहेबांनी दिला, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

घरात प्रार्थनेला परवानगी घेत जा, असंही सांगण्यात आलं. वकीलबाईंनी लेखी विचारलं, कोणत्या नियमाखाली. त्याचं उत्तर आजवर आलेलं नाही. संविधानाचं २५ वं कलम धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असंही म्हटलेलं आहे. हा निकाल आमच्यातल्या कित्येकांना कडू लागतो. पाळकसाहेबांचं म्हणणं असं, की माणसाला आपण पालटवूच शकत नाही, आपलं काम सांगायचं. विकत घेतलेला किंवा भीती घालून आणलेला विश्वास प्रभूलाच नको आहे. आमच्याकडे बाप्तिस्मा मागणाऱ्याला ते इतके महिने थांबवतात, की लोक रागावतात.

अर्जामागोमाग एक काम त्यांनी मंडळीकडून करून घेतलं. पेत्राच्या पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात लिहिलंय, की तुमच्यापैकी कोणी खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगू नये. ख्रिस्ती म्हणून भोगावं लागलं तर लाजू नये. त्यांनी विचारलं, आपल्याला होणारा प्रत्येक त्रास ख्रिस्तासाठीच असतो का? शहराच्या दुसऱ्या टोकाला ओळखीच्या एका सभेत रात्री साडेदहापर्यंत कर्णे लावून गाणी चालत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावायचे नाहीत हा नियम सगळ्यांनाच आहे. तिथे शेजारी भांडायला आला तर तो छळ नव्हे, तो झोपमोड झालेला माणूस आहे. दुसऱ्याच्या देवाची टिंगल करून साक्ष देणारे काही वक्ते आहेत, त्यांना आपल्या व्यासपीठावर बोलवायचं नाही असं ठरलं. यावर कुरकूर झाली. मार आपण खाल्ला आणि तपासणीही आपलीच का, म्हणून. पण अशी झाडाझडती घेतल्यावरच आमच्या अर्जाला ताठ कणा आला, असं मला वाटतं.

आणि प्रार्थना. जे छळतात त्यांना आशीर्वाद द्या, शाप देऊ नका, हे रोमकरांसच्या बाराव्या अध्यायातलं वचन लहानपणापासून पाठ असतं. एफआयआर नोंदवली गेली तेव्हा त्या मुलांची नावं कळली, एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, त्यात ती होती. उपवास-प्रार्थनेच्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले, आता नाव घेऊन प्रार्थना करू. तोवर “त्या लोकांना क्षमा कर” म्हणणं सोपं होतं. नाव आलं की जीभ जड होते. जिचा हात चेंगरला होता ती बाई विड्या वळते. बोट सुजल्यामुळे तिचा हजार विड्यांचा हिशेब चुकत होता आणि मजुरी बुडत होती. ती रडत म्हणाली, “माझ्या तोंडून येत नाही.” कोणी तिला उपदेश केला नाही. पाळकसाहेबांनी तिला तेरावं स्तोत्र काढून दिलं, परमेश्वरा, कुठवर, असं विचारणारं. म्हणाले, तू हे वाच, आम्ही ते म्हणतो, दोन्ही एकाच देवाकडे जातं. बऱ्याच गुरुवारांपर्यंत ती तेच वाचत होती. तिला घाई न करणं ही आमच्या मंडळीने केलेली सगळ्यात चांगली गोष्ट असेल.

एक कुटुंब भीतीने पुण्याला निघून गेलं. त्यांना कोणी भ्याड म्हणू नये म्हणून पाळकसाहेबांनी भर उपासनेत सांगितलं, की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असं प्रभूनेच शिष्यांना सांगितलंय. त्यांच्यासाठी प्रवासाची प्रार्थना केली. माझ्या मुलाच्या वर्गात तो व्हिडिओ फिरला, त्याला चिडवलं गेलं. तो दोन दिवस काही बोलला नाही, मग त्याने विचारलं, आपण खरंच पैसे देतो का. मी त्याला दानाची वही दाखवली. त्याला पुरेसं वाटलं.

आता दार लावून प्रार्थना करा, असा सल्ला खूप जणांनी दिला. सासूबाईंनी तो मानला नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण त्यांच्या जिभेवर असतं. त्यांची मुलींची निवासी शाळा, शारदा सदन, १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला हललं. रमाबाई आपल्या खोलीत आपल्या मुलीबरोबर प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं, कोणाला या म्हणायच्या नाहीत आणि आलेल्याला जा म्हणायच्या नाहीत. त्यावरून मोठं वादळ उठलं, १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार लावलं नाही, कोणावर आगपाखडही केली नाही. पुढे दुष्काळात उपाशी मुली गोळा करून केडगावला मुक्ती सदन उभं केलं. सासूबाईंचं म्हणणं, बंद दाराआड काय चाललंय हाच तर संशय आहे, मग दार लावून तो वाढवायचा कशाला. आमचं दार उघडंच राहिलं. पेटीचा भाता नवा बसवून घेतला.

आरोपींना अटक झाली नाही, सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची नोटीस देऊन बोलावलं गेलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दोषारोपपत्र दाखल झालं. आणि मग उन्हाळ्यात एके संध्याकाळी लेकरांना बाजूला घेणारा तो मुलगा आईवडिलांसह आमच्या दारात आला. आई विडी कारखान्यात, वडिलांचा माग बंद पडलेला. मुलगा पहाटे मैदानावर धावतो, पोलीस भरतीची तयारी. चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा निघणार होता. ज्यांनी त्याला त्या दिवशी गाडीवर बसवून आणलं त्यांच्यापैकी एकही जण त्याच्या वकिलाची फी द्यायला आला नव्हता.

आई माझ्या पायाशी वाकू लागली, मी धरून उभं केलं. पैशाचं बोलणं निघालं, ते मी तिथेच थांबवलं. एकच मागितलं: जे पाहिलंत ते बोळातल्या लोकांसमोर खरं सांगा. पुढच्या रविवारी संध्याकाळी तो मुलगा किराणा दुकानासमोर उभा राहून म्हणाला, की मला सांगितलं होतं तसं इथे काही नव्हतं, बायका गाणी म्हणत होत्या, आम्ही चुकलो. सांगताना त्याचा आवाज कापत होता. ज्या बाईने स्तोत्र वाचलं होतं तीही दारात येऊन ऐकत होती. तिने त्याच्या आईला आत बोलावून चहा दिला. मी काही तिला सुचवलं नव्हतं.

इथे परत वाद झाला. क्षमा केली तर मग खटला सगळ्यांवरचाच मागे घ्या, असं काही म्हणाले. आणि एकालाही सोडू नका, असं काही. मला ग्लॅडिस स्टेन्स आठवतात. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप, टिमोथी ही दोन मुलं गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं आणि बारिपदाला कुष्ठरोग्यांची सेवा पुढे काही वर्षं चालू ठेवली. खटला मात्र सरकारने चालवला, शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. क्षमा त्यांच्या हातात होती, न्याय न्यायालयाच्या हातात. आमचं प्रकरण त्यापुढे अगदीच लहान आहे, पण हा फरक तोच. माझ्या मनात कोणाबद्दल काय आहे हे मी आणि माझा देव पाहून घेऊ. कोणी काय केलं हे मात्र सगळ्या शहराला कळायला हवं, नाहीतर उद्या तेच दुसऱ्या बोळात होईल.

कलम ३०० चा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. आधी म्हणजे मुंबई. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आहे. त्या मुलापुरता गुन्हा रद्द व्हावा म्हणून त्याच्या वकिलांनी तिथे याचिका केली, मी आणि पाळकसाहेबांनी संमतीचं प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात त्याने लेकरांना बाजूला घेतल्याचं मी मूळ अर्जातच लिहिलं होतं, तो परिच्छेद जोडला. वकीलबाई ज्याला समोरच्याच्या कामाचं वाक्य म्हणाल्या होत्या, ते असं कामी आलं.

थप्पड मारणारा माणूस आलेला नाही. त्याच्यावरचा खटला सोलापुरात चालू आहे. गुरुवारच्या प्रार्थनेत त्याचं नाव आजही घेतलं जातं, आता ती विडी वळणारी बाईसुद्धा घेते, सगळ्यात शेवटी, हळू आवाजात. पाळकसाहेबांचं म्हणणं आहे, की तो कधीही आला तरी त्याच्याकडून दिलगिरीच्या आधी त्या प्रश्नाचं उत्तर हवं. माझी साक्ष अजून व्हायची आहे. अर्जाची शिक्क्याची प्रत, सीसीटीव्हीचं प्रमाणपत्र आणि दानाची वही एका फाइलमध्ये लावून ठेवली आहे. समन्स आलं की ऑफिसातून रजा काढायची आणि जायचं.